सुभद्राला पुढच्या दारानं नेलं

मी राणीसावरगाव सोडलं तेव्हा मेंढरं माझ्या आधी गावाबाहेर पडली होती. नुकतंच उजाडत होतं. आबा रोजच्यासारखे कळप घेऊन निघाले आणि मी त्यांच्या मागून, जणू मीही रानातच निघाले होते. वाटेवर धुळीचा पातळ पडदा उठला होता. त्यात मेंढरांच्या पाठी हलत होत्या आणि आबांचं मुंडासं त्या धुळीवर तरंगत चालल्यासारखं दिसत होतं. माय वेशीपर्यंत आली आणि तिथंच थांबली. गाडीरस्ता लागला तिथं गंगाखेडला जाणारी बैलगाडी उभी होती. गाडीत राधाक्का बसली होती.

राधाक्का आमच्याच गावची लेक, पण राहायला परभणीला. माझा नवरा पान लागून, सापाच्या विषानं गेला होता आणि सासरच्यांनी मला माहेरी आणून सोडलं होतं. धाकटा भाऊ लग्नाचा झाला होता. विधवा नणंद घरात बघून कोणी पोरगी देईना. राधाक्का म्हणाली, परभणीत टेसनाजवळ एक सराई आहे, उतारूंसाठी भाकरी थापायला बाई पाहिजे.

"भाकरीच थापायची हाय न्हवं?" आबांनी गाडीचा दांडा धरून विचारलं.

"तर! बायामानसाला दुसरं काय काम असतंय?"

"मग जा गिरजा," आबा म्हणाले. "अन्नाच्या कामाला लाज न्हाई."

ते आणखी काही बोलणार होते. पण तेवढ्यात दोन मेंढरं कुणाच्या तरी जवारीत शिरली, आणि आबा हाका घालत तिकडं धावले. गाडी निघाली. आमचा निरोप तेवढाच.

तुम्ही जे गावात राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखेच कुठंकुठं निघून गेलात, त्या दोघांसाठी मी हे सांगायला बसले आहे. लोक सातासमुद्रापार गेलेल्यांच्या गोष्टी ऐकतात. मी गेले ती आपल्याच जिल्ह्यात. गंगाखेडला आगगाडीत बसलं की जेवणवेळेच्या आत परभणी. तरी मी जिथं गेले तिथून आपलं गाव दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं, आणि पुढं पुढं तर ते कधी होतं की नाही अशी मला शंका यायची.

सराई दुमजली होती, दगडी, मोठ्या रस्त्यावर तोंड करून. तिच्या पाठीला लागून एक घर होतं, आणि त्या घराची मालकीण होती हिराबाई. पहिले काही दिवस मी खरंच भाकरी थापल्या. माझ्या शेजारी बसून थापायची ती चंद्रा, आमच्या सगळ्यांत मोठी. तिच्या भाकरीला कड कधी फाटायची नाही. ती माझ्याकडं बघायची आणि मान खाली घालायची. एकदा म्हणाली, "तुला कुनी सांगितलं न्हाई का, पोरी?" मी म्हणाले, काय सांगायचं? तिनं तव्यावरची भाकरी उलटली. त्याच आठवड्यात मला कळलं.

त्याबद्दल मी जास्त सांगणार नाही. एवढंच सांगते, की त्या घरात येणाऱ्या पुरुषांना 'पाहुणे' म्हणायचे. आपल्या गावात पाहुणा आला की गूळपाणी देतात, घोंगडी अंथरतात. तोच शब्द तिथं ऐकला की मी कोपऱ्यात सरकायची. हे पाहुणे लांबलांबून यायचे. कुणी रुई-कापसाच्या सौद्यासाठी, कुणी औंढ्याला आणि परळीला दर्शनाला निघालेले. घरी सांगायचं देवाला चाललो, आणि मुक्काम परभणीत. सराईचा माणूस टेसनावर उभा राहून त्यांना हेरायचा. ते पुढच्या दारानं येत, पुढच्या दारानं जात. आम्हाला पुढच्या दाराकडं फिरकायचीही बंदी होती. मी आले ती मागच्या बोळातल्या दारानं, आणि ते दार त्या दिवसापासून इमामचाचाच्या ताब्यात होतं. हा म्हातारा पहारेकरी रोज आम्हाला "खाना खाया क्या बेटी?" म्हणून विचारायचा आणि रोज त्याच मायेनं कडी लावायचा.

हिराबाईनं माझं नाव चंपा ठेवलं. मला वाटतं माणूस अशाच वेळी दोन होतो. चंपा माडीवर असायची, आणि गिरजा कुठंतरी माळावर, पायाखाली कुसळं, पुढं मेंढरांच्या पाठी. संध्याकाळी दिवे लागले की मी गिरजाला लांब हाकलून द्यायची. सकाळी ती आपणहून परत यायची. किती वर्षं असं चाललं ते सांगता येत नाही. त्या घरात वर्षांना कड नव्हती.

बाहेर मात्र पुष्कळ काही बदलत होतं. आमच्या लहानपणीचं निजामाचं राज्य तर केव्हाच गेलं होतं. टेसनावरचे, कचेऱ्यांवरचे तक्ते बदलले. मग एके दिवशी चाचानं सांगितलं, परभणी आता मुंबई राज्यात गेली. आम्ही चौघी, चंद्रा, जुबेदा, जनी आणि मी, खिडकीच्या फटीतून बघायला गेलो, जणू सगळं गाव उचलून दुसरीकडं ठेवलेलं दिसणार होतं. रस्ता तोच होता. मुंबईचे पाहुणे तेवढे वाढले. आणि पुढल्या उन्हाळ्याच्या शेवटी, त्यांच्याच मागून, मुंबईचा ताप आला.

लोक त्याला फुलू म्हणायचे. डॉक्टर म्हणे सांगत होते की हा ताप जगभर फिरतोय, बोटीतून बंदरात उतरलाय आणि आगगाडीत बसून गावोगाव चाललाय. आमच्याकडं तो एका जाड्या व्यापाऱ्याबरोबर आला. तो शिंकत होता, घामानं भिजला होता. जनी दारातच म्हणाली, "ह्याला बरं न्हाई." जनी आमच्यातली सगळ्यांत धाकटी, पोखर्णीकडची. हिराबाईनं तिला आत ढकललं. तिसऱ्या दिवशी जनीचं अंग फणफणलं, मग जुबेदाचं, मग माझं. हाडं कुणी पिळून काढतंय असं वाटायचं.

"पाहुना वाट बघायलाय," हिराबाई मला म्हणाली. "ताप काय, येतो अन जातो. तोंडाला पावडर लाव."

चंद्रानं तिचा हात धरला. त्या घरात हिराबाईचा हात कुणी धरल्याचं मी प्रथमच बघितलं. "तिला उठवू नगं," चंद्रा म्हणाली. "मी जाते." आणि ती गेली. माझ्या जागी. एकदा नाही, कितीतरी वेळा. मी तापात पडल्या पडल्या तिची पावलं जिन्यावर चढताना ऐकायची. मला वाटायचं, कोणीतरी डोंगर चढतंय आणि डोंगर संपत नाही.

मग पाहुणे थांबले. सराई ओस पडली. टेसनावर उतरणारी माणसं तोंडाला उपरणं लावून सरळ घरी जायला लागली. पाहुणा नाही तर चूल नाही, हा हिराबाईचा नियम. पीठ यायचं बंद झालं. आणि गावात बोलणं सुरू झालं, की ताप ह्याच घरातून निघाला. आणला पाहुण्यांनी, आणि नाव आमचं झालं. बोळातल्या लोकांनी आम्हाला आडावर पाणी भरू देणं बंद केलं. एका सकाळी उठून बघतो तर बोळाच्या तोंडाला बाभळीच्या काट्या रचलेल्या. मी मेंढरंवाल्याची लेक. असल्या काट्या मी जन्मभर पाहिल्या होत्या. लांडगा आत येऊ नये म्हणून आबा वाड्याभोवती लावायचे. आम्ही मेंढरं होतो की लांडगे, ते मला तापात काही केल्या ठरवता येईना.

हिराबाई त्याच दिवशी पेटी घेऊन भावाच्या गावी निघून गेली. चाचाला सांगून गेली, मी येईपर्यंत एकीलाही बाहेर सोडू नकोस.

यानंतरचे दिवस मला आठवतात ते पाण्याखालून बघितल्यासारखे. कोणी हाक मारत नव्हतं. जिना वाजत नव्हता. आम्ही चौघी खालच्या खोलीत एका सतरंजीवर निजायचो, आणि दुपारभर ऊन जमिनीवरून हळूहळू सरकत जायचं. चाचा कुठून तरी एक घागर पाणी आणि भाजलेले चणे आणून उंबऱ्याशी ठेवायचा. सांगायला विचित्र वाटतं, पण त्या घरात पोटभर झोप मला पहिल्यांदा तापानं दिली. डोळे मिटले की मेंढरं भिंतीतून आत यायची, आमच्या अंगांवरून अलगद चालत जायची, त्यांच्या खुरांचं ओझंही लागायचं नाही. एकदा मी ओरडले, "आबा, वळवा!" तर चंद्रा कपाळावर हात ठेवून म्हणाली, "वळवली गं, वळवली. झोप."

तेव्हाच कधीतरी आम्ही एकमेकींना खरी नावं सांगितली. जनी ही जनीच होती, तिचं नाव कुणी बदललं नव्हतं. जुबेदाचं त्या घरातलं नाव मोती होतं, खरं जुबेदा. मी म्हणाले, गिरजा. मग सगळ्या चंद्राकडं बघायला लागलो. 

"सुभद्रा," ती म्हणाली. "लय दिसांनी घेतलं. तोंडाला वळण न्हाई ऱ्हायलं."

तोपर्यंत आमचे ताप उतरायला लागले होते आणि तिचा चढायला लागला होता. आमच्या वाटचे जिने चढून चढून तिच्या छातीत काही उरलंच नव्हतं. श्वास घेताना खरखर वाजायचं. जुबेदानं चाचाला दवाखान्यात पाठवलं. तो बाटलीत लाल औषध घेऊन आला, पण डॉक्टर कोणी त्या बोळात यायला तयार नव्हता. शेवटच्या सकाळी सुभद्रानं माझं मनगट धरलं.

"गिरजा, मला मागच्या बोळानं नेऊ नका. पुढच्या दारानं न्या. मानसावानी."

ऊन अंगणात यायच्या आधी ती गेली.

आम्ही तिला न्हाऊ घातलं. जनीनं तिचे केस विंचरले. मग तिघी तिच्याभोवती बसून राहिलो, कारण पुढं काय करायचं ते कुणालाच कळत नव्हतं. बायका तिरडी उचलत नाहीत, आणि आमच्याकडं पुरुषमाणूस कोण होता? शेवटी जुबेदा उठली आणि चाचाकडं गेली. मला वाटलं, तो म्हणेल हिराबाईंचा हुकूम आहे. तो बाहेर गेला तो दोन बांबू घेऊन आला. खाली बसून त्यानं सुतळीनं तिरडी बांधली. 

"तीन खांद्यां पे मय्यत नईं जाती, बेटी," तो म्हणाला. "चौथा मेरा."

मग त्यानं सराईचं पुढचं दार उघडलं. मोठा अडसर होता, तो काढताना दगडावर असा आवाज झाला की आम्ही तिघीही दचकलो. आणि ऊन आलं. मला वाटलं आंधळी होईन. इतक्या वर्षांत मी त्या रस्त्यावर पाऊल ठेवलं नव्हतं.

 तापातून उठलेल्या तिघी आणि एक म्हातारा. पण तिरडी हलकी होती, इतकी हलकी की मला सारखं वाटायचं, सुभद्रा वर नाहीच, ती आमच्याबरोबर चालते आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दारं लागत गेली. एक, मग दुसरं, मग पुढचं. काही जण ताप लागेल म्हणून लावत होते, काही जण आम्ही कोण ते ओळखून. कापडाच्या दुकानात एक माणूस तक्क्याला टेकून बसला होता. तो पाहुणा म्हणून आलेला मी बघितला होता. त्यानं तोंड फिरवलं. जनी एकदम मोठ्यानं म्हणाली, "सुभद्रा चालली हो! सुभद्रा चालली!" तिचा आवाज फुटलेला होता. मग मीही म्हणाले. मग जुबेदा. रामनाम घ्यायचं की कलमा, ते कुणाला सुचलं नाही. आम्ही तिचं नावच घेत गेलो.

चौकात भाजी-माळव्याची पाटी घेऊन एक बाई बसली होती. ती उठून उभी राहिली. पाटीवर हात ठेवून, आम्ही पुढं जाईपर्यंत उभी राहिली. बस, तेवढंच. मी तिचं तोंडही नीट बघितलं नाही, पण परभणीचं नाव निघालं की आजही मला आधी ती बाई आठवते.

गावाबाहेर ओढ्याकाठी आम्ही तिला पुरलं. माती मऊ होती. चाचा खणायचा, आणि तो दमला की आम्ही. काम संपल्यावर तो ओढ्यात हात धुऊन आमच्यासमोर आला. त्याला आमच्याकडं बघवत नव्हतं.

"अब पलट के नक्को आओ," तो म्हणाला. "मैं बोलतूं, बुखार में गये सब."

"आणि तुमी चाचा?" मी विचारलं.

"मेरे कू कौन क्या करता? जाओ. दिन है अबी, उजाला है."

इतकी वर्षं ज्यानं कडी लावली त्यानंच आम्हाला सोडलं. मी त्याच्यावर रागवावं की पाया पडावं, हे मला तेव्हा समजलं नाही आणि आताही समजत नाही. मी पाया पडले. जुबेदाची मावशी नांदेडला होती. ती टेसनाकडं वळली आणि कोपऱ्यावर एकदा हात वर करून दिसेनाशी झाली. तिची खबर मला पुन्हा मिळाली नाही. जनीला कोणीच नव्हतं. ती माझ्याबरोबर आली.

दुसऱ्या दिवशी राणीसावरगावला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. आबा गावाबाहेर वाड्यापाशीच होते. वाडा म्हणजे आपला मेंढरांचा. त्यांनी मला लांबून ओळखलं. हातातली काठी त्यांनी जमिनीत रोवली आणि तिला धरून उभे राहिले. मी थोड्या अंतरावर थांबले.

"आलीस?"

"आले, आबा."

"ताप हाय का अंगात?"

"उतरला."

मी पाणी मागितलं. त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला नाही. मी ओंजळ केली, आणि त्यांनी वरून धार धरली. मी पीत होते आणि विचार करत होते: हे तापामुळं, की दुसऱ्या कशामुळं? गावात तेव्हा सगळेच सगळ्यांना असंच वरून पाणी घालत होते. ताप घरोघर होता. पण आबांच्या कानावर माझं सगळं आलं असणार, हेही मला ठाऊक होतं. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. ते पाण्याच्या धारेकडं बघत होते. मी आजवर ते ठरवू शकले नाही.

माय निरोप मिळून आली. तिनं भाकरी आणि तिखट आणलं होतं. ते दगडावर ठेवून ती लांब बसली आणि आम्ही खातोय ते बघत राहिली. भावाचं लग्न झालं होतं, एक लेक झाली होती, दुसरं होणार होतं. हे ती सांगत होती आणि मध्येच थांबत होती. घरी चल म्हणाली नाही. जा असंही म्हणाली नाही. आबा मेंढरं आत घालायला लागले. तेव्हा मीच म्हणाले, "आमी थांबत न्हाई, माय."

ती उठली, तशी सरळ माझ्या पाठीशी येऊन बसली. कनवटीला तेलाची कुपी बांधून आणली होती. म्हणजे घरून निघतानाच तिचं ठरलं होतं, फक्त धीर होत नव्हता. तिनं माझे केस सोडले. तापानं केस झडत होते, फणीला झुबके यायला लागले.  झडलेले केस बोटाला गुंडाळून एका दगडाखाली सारत राहिली, आणि उरलेल्यांना तेल लावत राहिली. तिच्या बोटांखाली माझं डोकं इतकं जड झालं की मी तिथंच झोपले असते. वेणी घालून झाल्यावर तिनं कानाशी तोंड आणलं.

"कुटं बी ऱ्हा. पर जित्ती ऱ्हा."

त्या रात्री आम्ही शेजारच्या गावच्या देवळात थांबलो. पूर्णेवर येलदरीला धरणाचं काम निघालंय, रस्ते आणि चाळी बांधायला माणसं पाहिजेत, असं तिथं उतरलेल्या मजुरांच्या एका टोळीनं सांगितलं. आम्ही त्यांच्याबरोबर निघालो. आगगाडी परभणीवरून जाते. तिथं गाडी थांबली तेव्हा जनीनं माझ्या मांडीवर डोकं ठेवून डोळे मिटले, आणि मी तिच्या केसांवरून हात फिरवत खाली बघत राहिले.

येलदरीत बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्या होत्या. मुकादमानं विचारलं, नाव? मी म्हणाले, गिरजा. तो पुढच्या माणसाकडं वळला. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही, आणि मी मात्र पाटी हातात घेऊन उभीच राहिले. माती वाहून मान आखडायची, तळहातांची सालं निघायची. तरी संध्याकाळी दिवे लागले की जिवाचं पाणी होणं हळूहळू थांबलं. तिथं सगळेच कुठून तरी आलेले होते. ज्यांची गावं पाण्याखाली जायची होती ती माणसंही आमच्याशेजारी माती वाहत होती. आपलंच गाव बुडवायला आपणच माती टाकतोय, असं एक म्हातारा म्हणायचा आणि हसायचा.

एकदा एक कंत्राटदार काम बघायला आला. माझ्यापाशी थांबून म्हणाला, "तुला कुठंतरी बघितलंय." माझ्या डोक्यावर पाटी होती.  मी म्हणाले, "बगितलं असंल. मी बी बगितलंय तुमाला." बायका थांबून बघायला लागल्या. तो छत्री सावरत निघून गेला. मी माती ओतली आणि बांधामागं जाऊन ओकले. पण मला पळून जावंसं वाटलं नाही. हे नवीन होतं.

जनीनं मासे धरणाऱ्या एका भल्या माणसाशी लग्न केलं. तिला लेक झाली. मी मजुरांसाठी खानावळ घातली. संध्याकाळच्या साक्षरता वर्गात अक्षरं शिकले, तीच आता तुमच्यासमोर मांडते आहे.

तुम्ही विचारता, घर कुठलं? मागं राहिलेल्यांना वाटतं आम्ही विसरलो. निघून गेलेल्यांना वाटतं, कुठंतरी ते अजून तसंच आहे, वेशीजवळ माय उभी आहे. मलाही पुष्कळ दिवस तसंच वाटायचं. मग जनीच्या लेकीचं बारसं झालं त्या वर्षी आमच्याकडच्या लोकांचे कळप चरत चरत पूर्णेच्या काठाला आले, आणि मी इथं असल्याचं ऐकून त्यांच्याबरोबर माय आली. एकटी. आबा आले नाहीत. ती चार दिवस राहिली. पहिल्या दिवशी ती भिंतीला धरून बसली. दुसऱ्या दिवशी मी चुलीपुढं होते, तर ती न विचारता घागर घेऊन नळावर गेली. नळ आमच्या दारासमोरच. तिथं चाळीतल्या सगळ्या बाया रांगेत होत्या.

"म्हातारे, नवी दिसायलीस," कोणीतरी विचारलं. "कुनाकडं आलीस?"

माझा हात पिठात थांबला. मायनं घागर खाली ठेवली. गावात इतकी वर्षं लेक कुठं आहे ह्याचं उत्तर तिला कुणाला देता आलं नव्हतं, आणि कुणी विचारतही नव्हतं.

"लेकीकडं," ती म्हणाली. मग तिला ते पुरेसं वाटलं नसावं. माळावरून हाक मारताना लावायची तसा आवाज लावून तिनं सगळ्या रांगेला सांगितलं, "ती गिरजा हाय न्हवं खानावळीवाली, ती माजी थोरली लेक. मी तिची माय."